लंडन ते डार्विन : विसाव्या दिवशी



भूगोलाच्या तासाला एकाने आम्हाला विचारले, लंडनहून ऑस्ट्रेलियाला विमान किती वेळात पोहोचते? २०१८ साली सुरू झालेली लंडन-पर्थ थेट सेवा सुमारे १४,५०० कि.मी. अंतर साधारण १७ तासांत कापते, असे आम्ही सांगितले. त्याच वेळी आम्हाला एमी जॉन्सनची आठवण झाली.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्ड विद्यापीठातून बी.ए. होऊन ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. फावल्या वेळात विमान चालवायला शिकली. १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी विमानाच्या देखभालीचाही. हा दुसरा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधील पहिली महिला, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा.

वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या मदतीने तिने एक जुने जिप्सी मॉथ विमान घेतले, नाव ठेवले जेसन. ५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून एकटीच निघाली. वय २६. डार्विनपर्यंतची वाट सुमारे १८,००० कि.मी. आणि विमानाचा वेग ताशी सुमारे १३५ कि.मी. भागाकार करा, १३३ तास येतात, म्हणजे साडेपाच दिवस! पण तिला लागले जवळपास वीस. रोज उतरायचे, पेट्रोल भरायचे, इंजिन स्वतः उघडून तपासायचे, मग थोडी झोप. बगदादजवळ तर धुळीच्या वादळाने तिला वाळवंटातच उतरवले.

तरी सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली. बर्ट हिंकलर यांच्या १९२८ च्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे! अलाहाबादकडे जाताना मात्र पेट्रोल संपत आले आणि ती कुठे उतरली म्हणता? आपल्या ग्वाल्हेरपासून जेमतेम १०० कि.मी. वरच्या झाशीला, लष्कराच्या परेड मैदानावर. पंखाला इजा झाली, ती दुरुस्त करून पुढे निघाली. रंगूनजवळ पावसात एका तंत्रशाळेच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेले. पंखा तुटला, सोबत बांधून आणलेला दुसरा बसवला. पंखांना कापड हवे होते. महायुद्धातल्या विमानांच्या कापडाचे शिवलेले सदरे उसवून तेच लावले. त्यात दिवस गेले आणि हिंकलर यांचा साडेपंधरा दिवसांचा विक्रमही हातचा गेला. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली महिला.

दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याची विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचे काम करी. ५ जानेवारी १९४१ रोजी ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. अंतर फार तर तासाभराचे, पण हवा फार खराब. जवळपास चार तासांनी ती वाटेपासून दूर, टेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचवण्यासाठी थंड पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. एमीचा देह सापडला नाही. जेसन विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.