ब्रेकमधली हवा आणि ब्लेझ पास्कल

रिंग पाना, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, एक रिकामी बाटली आणि ब्रेक ऑइलचा नवा डबा. एवढ्या सामानात घरी गाडीचे ब्रेक ब्लीड करता येतात, हे मी गेल्या वर्षी शिकलो. पण आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या माणसाने मोटार कधी पाहिलीच नाही. तो १६६२ सालीच गेला.

आधी माझी चूक सांगतो. आमची जुनी गाडी घाट उतरत होती, बाबा चालवत होते. एका वळणावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं आणि जवळजवळ तळाला गेलं. बाबांनी खालचा गिअर टाकला, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा लागायला लागले. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं, आणि ते मी बदलून घेतो असं मीच बाबांना सांगितलं होतं.

हे का झालं, याचं उत्तर शोधताना ब्लेझ पास्कल भेटला. शाळेत 'पास्कलचा नियम' पाठ केला होता, माणूस मात्र माहीत नव्हता.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एत्येन सरकारी अधिकारी होते आणि गणितातले जाणकार. त्यांनी मुलाला शाळेत घातलं नाही, घरीच शिकवलं. सोळाव्या वर्षी या मुलाने शांकव वक्रांवर निबंध लिहिला.

पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. रात्र रात्र बेरजा चालायच्या. वडिलांचा हा त्रास कमी व्हावा म्हणून १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, पास्कलने आकडेमोडीचं यंत्र करायला घेतलं. दातेरी चाकं फिरवली की बेरीज व्हायची आणि हातचा आपोआप पुढच्या चाकावर जायचा. मनासारखं यंत्र होईपर्यंत त्याने पन्नासेक नमुने केले. आपण ज्याला प्रोटोटाइप म्हणतो, तेच! यंत्र महाग होतं, फारसं खपलं नाही. पण १९७० मध्ये निक्लाउस विर्ट यांनी आपल्या प्रोग्रामिंग भाषेला 'पास्कल' नाव दिलं.

मग तो हवेच्या मागे लागला. इटलीत टोरिचेल्लीने पाऱ्याने भरलेली नळी उलटी करून दाखवली होती. पारा ठरावीक उंचीवर थांबायचा. त्याला कोण धरून ठेवतं? पास्कलला वाटलं, बाहेरच्या हवेचं वजन. तसं असेल तर डोंगरावर हवा कमी, म्हणून पाराही खाली यायला हवा. त्याची तब्येत कायम नाजूक, म्हणून त्याने हे काम मेहुणा फ्लोराँ पेरियेकडे दिलं. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिये प्युई द डोम डोंगरावर चढला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीत मात्र दिवसभर काहीच बदललं नाही.

यानंतर पास्कलने द्रवांच्या समतोलावर लिहिलं. बंद द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. त्यामुळे लहान दट्ट्यावर एका माणसाने दिलेला जोर शंभरपट मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांइतका होतो. हे लिखाण छापून आलं १६६३ मध्ये, तो गेल्यावर.

आपले ब्रेक याच नियमावर चालतात. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबलं जातं आणि तोच दाब चाकापर्यंत जातो. द्रव जवळजवळ आकसतच नाही म्हणून हे जमतं. हवा आकसते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पायाचा जोर फुगे दाबण्यातच संपतो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं. आमचे ब्रेक परत आले ते म्हणूनच.

मग एका रविवारी पार्किंगमध्ये मी आणि बाबांनी काम काढलं. जॅकवर भरवसा न ठेवता खाली पक्के स्टँड लावले. चाकाजवळच्या ब्लीडर निपलला नळी, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. बाबा पेडल दाबून धरायचे, मी निपल सैल करायचो, ऑइल आणि फुगे बाहेर यायचे. निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत! टाकीतलं ऑइल खाली जाऊ द्यायचं नाही. चाकांचा क्रम आणि ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असतो. एकट्याने करायचं तर हातपंपाने ऑइल ओढतात, किंवा प्रेशर ब्लीडरने टाकीकडून ढकलतात. एबीएसच्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो; तिथे गॅरेजच बरं. पेडल कडक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.

पास्कलच्या शेवटच्या कामांपैकी एक रस्त्यावरचंच होतं. मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर घोडागाड्या सुरू झाल्या, भाडं पाच सू. शहरी बससेवेची ही सुरुवात मानतात, आणि ती योजना त्याची होती. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, तो गेला. वय फक्त ३९.

आज दाबाच्या एककाला त्याचं नाव आहे. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असेल, तर एखादं सेन्सर अ‍ॅप उघडा आणि गच्चीवर जा. हेक्टोपास्कलचा आकडा साधारण दर आठ मीटरला एकने उतरतो. डोंगरावरचा तो प्रयोग तुमच्या हातात होईल.

आणि हो, खाली आल्यावर गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय, ते घरी विचारा. मी विचारलं नव्हतं.