रोख वेतनाचे राज्य

सुरतेच्या दक्षिणेस उधना जंक्शन मागे टाकले की पांडेसऱ्याची वस्ती लागते. कापडाला रंग देणाऱ्या आणि त्यावर छपाई करणाऱ्या गिरण्यांचा हा भाग. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने नांदतात. साडेतीन शतकांपूर्वी याच दक्षिणेच्या अंगाने मराठी माणसे सुरतेस आली होती, पण ती कामाच्या शोधात नव्हे. इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची फौज गणदेवी-उधन्याच्या वाटेने येऊन शहराच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरली.

सुरतेची लूट शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु महाराजांना एवढ्या रोकडीची गरज का पडली आणि त्या रोकडीने कसले राज्य उभे राहिले, याचा विचार क्वचितच होतो. त्यांच्या चरित्राची एक किल्ली तेथे आहे.

शिवनेरीवर १६३० मध्ये महाराजांचा जन्म झाला तेव्हा मावळात सुलतान दूर होता आणि देशमुख जवळ होता. सारा वसूल करणारा तोच, पदरी हत्यारबंद माणसे बाळगणारा तोच, आणि गावात कोट-वाडा बांधून राहणाराही तोच. निजामशाही गेली, आदिलशाही आली, तरी वतन बापाकडून मुलाकडे चालतच राहिले. जो वतनदारांना हाताशी धरील किंवा वाकवील त्यालाच खरी सत्ता मिळणार होती. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत जिजाबाईंच्या देखरेखीखाली वाढलेल्या तरुणाने हे फार लवकर ओळखले.

विजापूरचा महंमद आदिलशहा १६४६ पासून आजारी होता. ती संधी साधून महाराजांनी एकेक किल्ला घेतला. १६५६ मध्ये जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा त्यांनी पाडाव केला. हा झगडा परक्या सुलतानाशी नव्हता. एका बलाढ्य मराठा घराण्याशी होता आणि त्यात रक्त सांडले. पुढे १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळचे देशमुख दुभंगले. कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, खंडोजी खोपडे खानाला मिळाला. वतनाच्या आशेने किंवा भयाने माणूस ऐन वेळी कोणत्या बाजूस जाईल, याचा भरवसा नाही, हा धडा महाराज विसरले नाहीत.

नंतर शायिस्ताखान आला. १६६० ते १६६३ अशी तीन वर्षे तो पुण्यात ठाण मांडून बसला आणि त्याच्या फौजेखाली मुलूख उजाड झाला. एप्रिल १६६३ मधल्या छाप्यानंतर तो निघून गेला, पण खजिना रिता होता. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर, मक्केच्या यात्रेकरूंचे द्वार. आणि तरीही शहरास धड तटबंदी नव्हती. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी आपली वखार तेवढी राखली. विरजी व्होरासारख्या जगद्विख्यात सावकाराची हवेली खणली गेली. चार दिवसांत हाती लागलेल्या संपत्तीचा अंदाज कोटी रुपयांच्या घरात केला जातो. इनायतखानाच्या वकिलाने भेटीच्या मिषाने महाराजांवर वार करण्याचा प्रयत्न केल्यानंतर काही कैद्यांचे हात तोडले गेले, हेही चरित्रकाराने झाकू नये. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवर पुन्हा तोच प्रसंग गुदरला.

या रोकडीचे काय झाले? १६६४ च्याच नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. पण दगडी किल्ल्याहून मोठे बांधकाम वेगळे होते. महाराजांनी सरदारांस आणि शिपायांस गावे तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याचा कटाक्ष ठेवला. दरबारी कलावंतांच्या घरात वाढलेल्याला नेमणूक आणि इनाम यांतला फरक शिकवावा लागत नाही. नेमणूक चाकरी आहे तोवर चालते, इनाम मात्र मुलाबाळांचे होते आणि मग धन्याची आठवण पुसट होते. महाराजांनी नेमणूक पसंत केली. वतनदारांचे हक्क ठरवून दिले, त्यांचे कोट पाडले आणि वसुलीस सरकारी कारकून नेमले. अण्णाजी दत्तोंच्या हाताखाली काठीने जमीन मोजली गेली. पिकाचे तीन भाग रयतेस आणि दोन भाग सरकारास, असे प्रमाण ठरले. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे ठेवले, म्हणजे एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. वतने समूळ नाहीशी झाली नाहीत. स्वतः महाराजच परमुलखात चौथाईबरोबर सरदेशमुखीचा वतनी हक्क सांगत होते. पण वतनदार राजापेक्षा मोठा राहिला नाही.

त्या काळी जगभर राजे हाच उद्योग करीत होते. औरंगजेबाने १६५८ मध्ये बापास कैदेत टाकून तख्त घेतले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि पुढे उमरावांना व्हर्सायच्या दरबारात गुंतवून ठेवले. सुरत लुटली गेली त्याच १६६४ साली त्याच्या मंत्र्याने, कोल्बेरने, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापिली. चार वर्षांनी तिची वखार सुरतेतच निघाली. परंतु एवढ्या प्रतापी लुईच्या राज्यातही सरकारी हुद्दे विकत मिळत आणि वारसाने चालत. १६७४ च्या ६ जूनला रायगडावर अभिषेक करवून घेणाऱ्या राजाचे अष्टप्रधान पगारी होते, आणि त्यांची पदे वंशपरंपरेने चालावयाची नव्हती. राजाच्या इच्छेवर सर्व काही अवलंबून, या अर्थाने ही सत्ता निरंकुशच. पण तिचा धाक मुख्यतः वरच्यांना होता, आणि बी-बियाणे, बैल यांसाठी तगाई मिळत होती ती खालच्यांना.

अशा राज्याची कसोटी मात्र राजाच्या माघारी लागते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. नऊ वर्षांत संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराममहाराज जिंजीस गेले. औरंगजेब मराठ्यांस वतनांची लालूच दाखवीत होता. खजिन्यात वेतनास पैसा नव्हता. तेव्हा जो जो मुलूख जिंकील त्यास त्यातून वतन-सरंजाम, असे मराठी गादीलाही करावे लागले. राज्य त्यानेच वाचले, आणि थोरल्या महाराजांनी बसविलेली घडी त्यानेच मोडली.

पुढचा इतिहास आपल्या घरचाच आहे. सुरतेच्या पूर्वेस सोनगडावर पिलाजीराव गायकवाडांनी ठाणे घातले, दमाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे घेतले. शिंदे, होळकर, पवार यांची संस्थानेही याच वाटेने उभी राहिली. त्यांच्या राजवाड्यांचा, गजशाळांचा आणि गवयांचा आपणांस अभिमान आहे, तो असावाही. परंतु दर शिवजयंतीस ज्यांच्या नावाचा आपण जयघोष करतो, त्यांनी हयातभर जे टाळण्याचा यत्न केला, त्याच सरंजामातून ही वैभवे निपजली, याचा विसर पडू नये. पांडेसऱ्याच्या गिरणीत महिन्याच्या महिन्याला पगार मोजून घेणाऱ्या मराठी कामगारास महाराजांचे हे धोरण कदाचित आपल्याहून लवकर उमगेल.