मलेरियावर औषध होतं, पण ते मारतं कुणाला हे माहीत नव्हतं. लष्करी डॉक्टर लाव्हरां यांची गोष्ट

थंडी वाजून ताप आला की डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. मलेरियाची ही रक्ततपासणी ज्यांच्यामुळे शक्य झाली ते फ्रेंच डॉक्टर म्हणजे अल्फोन्स लाव्हरां.

१८४५ साली पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लष्करात डॉक्टर होते, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं अल्जेरियात गेली. पुढे त्यांनीही लष्करी डॉक्टरकी धरली आणि १८७८ मध्ये बदली झाली ती पुन्हा अल्जेरियातच. तिथे मलेरियाने सैनिक पटापट आजारी पडत होते.

आता गंमत बघा. औषध तर तेव्हाही होतं. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन १८२० मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. पण मलेरिया होतो कशाने, हेच कळत नव्हतं. बरेच जण दलदलीतल्या खराब हवेला दोष देत. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. काही शास्त्रज्ञ मातीतल्या जिवाणूकडे बोट दाखवत.

लाव्हरां यांनी थेट रुग्णांचं रक्त बघायला सुरुवात केली. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टँटिनच्या लष्करी रुग्णालयात एका सैनिकाच्या रक्तात त्यांना वळवळणारे बारीक धागे दिसले. तो जिवंत परजीवी होता. पुढे त्यांनी १९२ रुग्ण तपासले. त्यातल्या १४८ जणांच्या रक्तात चंद्रकोरीसारखे आकार सापडले. क्विनीन दिलं की परजीवी रक्तातून नाहीसे होतात, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे औषध नुसता ताप उतरवत नव्हतं, तापाच्या मुळावरच घाव घालत होतं.

तरी अनेक वर्षं बड्या डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं नाही. १८८४ मध्ये लुई पाश्चर यांना ते पटलं आणि वारं फिरलं. परजीवी डासांतून पसरत असावा, असा लाव्हरां यांना संशय होता. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात तो शोधून काढला.

१८९६ मध्ये लाव्हरां लष्कर सोडून पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९०७ मध्ये नोबेल मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी तिथेच उष्ण प्रदेशातल्या आजारांच्या प्रयोगशाळेसाठी देऊन टाकली. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज मलेरियावर क्विनीनपेक्षा नवी औषधं आहेत, पण लाव्हरां यांनी दाखवलेली गोष्ट तीच आहे. ताप उतरला तरी परजीवी रक्तात उरलेला असू शकतो. म्हणूनच बरं वाटलं तरी गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडायचा नाही.