कलावंतांचा राजा : राजर्षी शाहू महाराज

आज मी तुम्हाला राजर्षी शाहू महाराजांची माहिती सांगणार आहे. महाराजांनी शाळा काढल्या, धरण बांधलं, हे आपल्याला पुस्तकात आहे. पण त्यांनी गाणाऱ्याला, नाटकवाल्याला, चित्र काढणाऱ्याला आणि पैलवानाला कसा हात दिला, हे पुष्कळ लेकरांना माहीत नाही. म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे पाळण्यातले नाव यशवंतराव. वडिलांचे नाव जयसिंगराव घाटगे व आईचे नाव राधाबाई. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. म्हणून राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. तेव्हा ते दहा वर्षांचेसुद्धा नव्हते. म्हणजे आमच्याच वर्गातल्या पोरांएवढे होते. पुढे ते राजकोटला व धारवाडला शिकले. २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूरचा कारभार त्यांच्या हाती आला. त्या काळी आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता.

महाराज अंगाने धिप्पाड होते पण मनाने फार मऊ होते. गोरगरिबांची पोरं शिकावीत म्हणून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०२ साली मागासलेल्या लोकांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जे आईबाप पोराला शाळेत घालणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड होता. शेतकऱ्यांसाठी राधानगरीचे धरण बांधायला घेतले. महाराज अस्पृश्यता पाळत नसत. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली.

आता कलावंतांची गोष्ट सांगते.

महाराजांना कुस्तीचा लई नाद होता. ते स्वतः कुस्ती खेळत. खेड्यापाड्यांतल्या गरिबाच्या पोराच्या अंगात जोर असला तरी त्याला खुराक कुठून मिळणार? तो खर्च महाराज द्यायचे. १९०२ साली ते विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोम शहरातले जुने गोल मैदान पाहिले. तसेच मैदान आपल्याकडे पाहिजे असं त्यांच्या मनात आलं. मग १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान झालं. आखाडा मधोमध आणि बसायच्या पायऱ्या चहूबाजूंनी चढत गेलेल्या. म्हणून पार मागं बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसते.

त्या मैदानाला लागूनच महाराजांनी एक मोठे नाटकघर बांधले. ते १९१५ साली पुरे झाले. त्याचे नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षकांच्या मधे एकही खांब येणार नाही असं ते बांधलेलं होतं.

कोल्हापुरात केशवराव भोसले नावाचे नट होते. ते गरीब घरचे होते. लहानपणीच नाटकात शिरले. त्यांचा आवाज फार गोड व पल्लेदार होता. १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पुढे १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांनी मुंबईत मानापमान हे नाटक मिळून केलं. त्याचे पैसे देशाच्या कामाला गेले. म्हणजे बघा, राजानं कलावंताला दिलं आणि कलावंतानं देशाला दिलं. दुर्दैवाने त्याच वर्षी केशवराव वारले. त्यांचे वय फक्त एकतीस होते. नंतर त्या नाटकघराला त्यांचेच नाव दिले.

उस्ताद अल्लादिया खाँ हे मोठे गवई दूर राजस्थानातून आले होते. महाराजांनी त्यांना दरबारात नोकरी दिली. त्यामुळे ते निश्चिंत होऊन गायले आणि पुष्कळ शिष्य तयार झाले. आबालाल रहमान हे कोल्हापूरचे चित्रकार. ते मुंबईला चित्रकला शिकून परत आपल्या गावी आले. महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले. ते तळ्याकाठी बसून तळ्याची, झाडांची, उन्हाची चित्रं काढायचे.

आमच्या गुरुजींनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. महाराजांनी कलावंतांना फक्त राजवाड्यात ठेवून घेतलं असतं तर काय झालं असतं? मला वाटतं, मग गाणं एकट्या राजानंच ऐकलं असतं. महाराजांनी कलावंतांना पगार दिला पण मैदान आणि नाटकघर लोकांसाठी बांधलं. म्हणून कोल्हापूरच्या सगळ्या लोकांना कला मिळाली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. ते फक्त ४७ वर्षांचे होते. सगळी प्रजा रडली. आबालाल यांना एवढं दुःख झालं की त्यांनी आपली पुष्कळ चित्रं तळ्यात बुडवली असं सांगतात.

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री त्या नाटकघराला मोठी आग लागली व ते जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पेपरातला फोटो पाहून मला लई वाईट वाटलं. त्यानंतर सरकारने ते पुन्हा बांधायचं ठरवलं. बांधायलाच पाहिजे. कारण ते लोकांचं आहे.

आता आमच्या गावचं थोडं सांगते. आमच्या गल्लीत एक गोंधळी आबा राहतात. पूर्वी लग्न झालं की त्यांच्याकडून गोंधळ घालायचे. आता लोक डीजे लावतात. आबांच्या संबळाचं कातडं फाटलं होतं. मढवायला पैसे नव्हते, म्हणून ते संबळ विकणार होते. ही गोष्ट आम्ही गुरुजींना सांगितली. मग आम्ही लेकरांनी खाऊचे पैसे जमवले, गुरुजींनी आणि आमच्या आयांनी भर घातली आणि संबळ मढवून आणलं. आबांना आठ दिवसांचा मेहनतानाही दिला. आबा रोज दुपारी शाळेत आले. गावातल्या म्हाताऱ्या बायांनी जुन्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या. त्यावर आबांनी आणि आम्ही मिळून नवा गोंधळ रचला. प्रजासत्ताक दिनाला तो मारुतीच्या पारावर केला तेव्हा सगळा गाव जमला होता. माझी आजी गालातल्या गालात हसत होती, कारण त्यात तिची गोष्ट होती. आबांचा नातू शिकायला तयार नव्हता. आता तो रोज संध्याकाळी संबळ वाजवतो.

आमच्यापाशी राजवाडा नाही आणि खजिना पण नाही. पण पाच-पाच रुपये जमवले तरी एक संबळ वाचतं, हे आम्हाला कळलं.

मित्रांनो, शाहू महाराजांपासून आपण हाच बोध घ्यावा. आपल्या गावात कोणी गात असेल, वाजवत असेल, भिंतीवर चित्रं काढत असेल तर त्याला हसू नये. त्याला मदत करावी आणि त्याच्याकडून शिकावं.

अशा या थोर राजाला माझे कोटी कोटी प्रणाम!

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी