जिवंत माणसाची प्रेतयात्रा

पुण्यात एकदा एका जिवंत माणसाची प्रेतयात्रा निघाली. ज्याच्या नावाने ती काढली, त्याच्याच घरावरून ती वाजतगाजत नेण्यात आली. या माणसाचा गुन्हा एवढाच, की तो लिहीत होता. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली आगरकर जन्मले. घरची अत्यंत गरिबी. एम. ए. होताना त्यांनी आईला पत्राने कळवून टाकले, की मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोडावी. १८८१ साली ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. तुरुंगात एकत्र राहिलेले हे मित्र पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दुरावले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली.

‘सुधारक’ने विषय घेतले ते थेट माजघरातले. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे, मुलामुलींचे एकत्र शिक्षण, इतकेच काय, बायकांचा पोशाखसुद्धा! स्वराज्याविषयी वाचणे सोपे असते. आपल्याच घरातल्या न्हाव्याच्या वस्तऱ्याविषयी वाचणे अवघड. लोक चिडले ते म्हणूनच.

माझ्या आजोबांची आत्या तेराव्या वर्षी विधवा झाली. घरातल्या एका जुन्या फोटोत ती कोपऱ्यात बसली आहे, कपाळापर्यंत पदर ओढून. तिच्यानंतरच्या पिढीत घरावर तोच प्रसंग पुन्हा आला, पण त्या वेळी न्हाव्याला बोलावणे गेले नाही. आजोबा सांगत, की त्यांच्या वडिलांच्या पेटीत आगरकरांच्या निबंधांचे पुस्तक असे. हे एकट्या आगरकरांमुळे घडले, असे मी म्हणणार नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, त्याचाही धाक आणि धीर होताच. पण नको म्हणायला शब्द लागतात आणि ते शब्द त्या पेटीत होते.

भाषण ऐकणारा माणूस गर्दीत असतो; वाचणारा एकटा असतो. चारचौघांत आगरकरांना शिव्या देणारा गृहस्थ रात्री समईपाशी तेच पान पुन्हा उघडू शकत होता. लेखाला घाई नसते. वाचणाऱ्याचे मन तयार होईपर्यंत तो थांबतो.

आगरकरांना मात्र थांबायला आयुष्य नव्हते. दम्याने पोखरलेल्या शरीराने ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आणि संपादकपद दोन्ही ओढत राहिले. १७ जून १८९५ रोजी, चाळिशी गाठण्याआधीच ते गेले. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

ती खोटी तिरडी खांद्यावर घेतलेल्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. आगरकरांचे निबंध अजून छापले जातात. तुमच्या घरी असतील, तर या रविवारी एखादा काढून मुलांना वाचून दाखवा आणि मग त्यांचे प्रश्न ऐका.