आवाजाची वाट शोधणारा शिक्षक

जॉन टिंडॉल यांचा जन्म १८२० साली आयर्लंडमध्ये झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. पण वडिलांना शिक्षणाची फार आवड होती. शाळा संपल्यावर जॉन जमीनमोजणीच्या खात्यात नोकरीला लागले. तेथील अन्यायाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला, म्हणून १८४३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे ते शाळेत शिक्षक झाले. तरीही शिकण्याची ओढ कमी झाली नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते जर्मनीत जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले.

१८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. तेथे दर नाताळात मुलांसाठी व्याख्याने होत. १८६५ साली टिंडॉल यांनी त्यासाठी ‘आवाज’ हा विषय निवडला.

त्यांचा भर प्रयोगांवर असे. पाच मुलांना ते एकामागे एक उभे करत. प्रत्येकाचे हात पुढच्याच्या पाठीवर असत. मागच्या मुलाला धक्का दिला, की तो पुढे सरकत जाई आणि सर्वांत पुढचा मुलगा तोल जाऊन पुढे झुके. बाकीचे मात्र जागच्या जागीच राहत. हवेतून आवाज असाच जातो. हवा जागेवर राहते, धक्का पुढे जातो. काचेच्या भांड्यात घंटा ठेवून आतली हवा काढली, की घंटेचा आवाज मंद होत जाई. हवाच नसेल, तर धक्का नेणार कोण?

त्या काळी धुक्यात जहाजे खडकांवर आपटत आणि माणसे बुडत. धुके आवाज अडवते, असा सर्वांचा समज होता. १८७३ मध्ये टिंडॉल यांनी समुद्रावर जाऊन तोफा आणि भोंगे यांचे आवाज तपासले. एका स्वच्छ, शांत दिवशी दोन मैलांवरही आवाज ऐकू येईना! याउलट, त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या दाट धुक्यात शिट्टीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. दोष धुक्याचा नव्हता. वारा आणि कमीअधिक उष्णता यांमुळे हवेचे थर सारखे राहत नाहीत. त्यामुळे आवाजाची वाट बदलते. म्हणून स्वच्छ हवेतही केवळ भोंग्यावर विसंबणे धोक्याचे होते.

१८९३ मध्ये टिंडॉल यांचे निधन झाले. सगळे म्हणतात म्हणून मानू नये, स्वतः करून पाहावे, हीच त्यांची शिकवण होती.