मेरी लू विल्यम्स : मैफलीतून वर्गाकडे

ठरलेल्या रचनेच्या चौकटीत राहून ऐनवेळी सुचेल ते वाजवणे हा जॅझचा प्राण होय. ख्यालगायनातील उपज आठवल्यास ही गोष्ट आपल्या चटकन ध्यानी येईल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडविलेल्या या संगीताच्या एका थोर पियानोवादक, रचनाकार आणि अध्यापिकेचा परिचय आपण येथे करून घेणार आहोत.

मेरी लू यांचा जन्म 8 मे 1910 रोजी अटलांटा येथे झाला. बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. आई पायपेटी वाजवीत असे. तिच्या मांडीवर बसून ऐकलेले सूर ही मुलगी तीन-चार वर्षांची असतानाच वाजवू लागली. पुढे कॅन्सस सिटीत अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात त्या दाखल झाल्या. येथे एक बाब आपण नीट लक्षात घ्यावी. त्यांच्या मनात अनेक वाद्यांच्या रचना तयार असत, परंतु त्या लिहिता येत नसत. प्रारंभी कर्क त्या लिहून घेत. त्यांच्याकडूनच मेरी लू स्वरलेखन शिकल्या. मग बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे नामवंतही त्यांच्याकडून रचना घेऊ लागले. पुरुषांच्या त्या वर्तुळात स्त्री बहुधा गायिका म्हणूनच दिसे, हे ध्यानात घेतल्यास या कर्तृत्वाचे मोल कळते.

1945 मध्ये त्यांनी बारा राशींवर ‘झोडियॅक सूट’ ही रचनामाला सिद्ध केली. न्यूयॉर्कमधील त्यांचे घर म्हणजे तरुण वादकांचा अड्डाच होता. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी तेथे येत, नवे काही वाजवून दाखवीत, सल्ला घेत. माझ्या मते त्यांचे खरे अध्यापन तेव्हाच सुरू झाले होते. नाव तेवढे नव्हते.

1954 मध्ये पॅरिसमधील एका कार्यक्रमात त्या मध्येच उठून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे मंचापासून दूर राहिल्या. या काळात त्या प्रार्थनेकडे वळल्या. व्यसनाधीन आणि निर्धन वादकांना घरी आसरा देणे हे त्यांचे काम झाले. 1957 मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, त्याच वर्षी न्यूपोर्ट महोत्सवात गिलेस्पी यांच्यासह त्या पुन्हा वाजवू लागल्या. नंतर त्यांनी जॅझमध्ये उपासनासंगीत रचले. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये ते सादर झाले.

1977 मध्ये ड्यूक विद्यापीठाने त्यांना निवासी कलावंत म्हणून पाचारण केले. विद्यापीठात शिकून मिळवलेली पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जॅझचा इतिहास त्या पियानोवर बसूनच उलगडीत. गुलामांची भक्तिगीते, रॅगटाइम, ब्लूज, स्विंग, बीबॉप असा तो प्रवास असे, आणि त्यातील बराचसा त्यांनी स्वतः जगलेला होता. कर्करोगाने ग्रासले तरी त्यांनी हे काम सोडले नाही. 28 मे 1981 रोजी डरहॅम येथे त्यांचे निधन झाले. दफन पिट्सबर्गमध्ये करण्यात आले.